करांद्यापासून कातडीवरच्या पट्टीपर्यंत

आम्ही पोलादपूर तालुक्यातल्या उमरठहून बोलतोय. उमरठ म्हटलं की सगळ्यांना तानाजी मालुसरे आठवतात, आणि ते बरोबरच आहे. त्यांची समाधी आमच्या गावात आहे, शाळेच्या सहली येतात, पोरं घोषणा देतात. पण आज आम्ही ढाल-तलवारीचा इतिहास सांगणार नाही. आज सांगायचाय तो एका पट्टीचा इतिहास. टपाल तिकिटापेक्षा थोडी मोठी, पारदर्शक, पोटावर चिकटवायची पट्टी. तिला पॅच म्हणतात.

ही पट्टी आमच्या बचत गटात कशी आली, ते आधी सांगतो. गणपतीला मुंबईची माणसं गावी येतात, तसं आमच्या गटातल्या एका काकूंचं लेकरू आलं. नाव सांगणार नाही, गावही नक्की कुठलं ते सांगणार नाही. जन्मल्यावर मुलगा म्हणून नाव लागलं, मुलगा म्हणून शाळेत गेलं. पण लहानपणापासून आतून ती मुलगीच. काकूंनी तिच्या बेंबीखाली ती पट्टी पाहिली आणि विचारलं, "कंबर धरली का? कसलं प्लॅस्टर लावलंस?" तिनं खरं ते सांगितलं. महिन्याची बैठक संपली, बाकीच्या बाया उठल्या, आणि काकू मात्र सतरंजीवर तशाच बसून राहिल्या. म्हणाल्या, "ताई, ही पट्टी माझ्या लेकराचा जीव तर घेणार नाही ना?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही कर्जाचे हप्ते सांगतो, व्याज सांगतो, हिमोग्लोबिन किती हवं ते सांगतो. हे माहीत नव्हतं. मग आम्ही त्या मुलीशी बोललो. ती म्हणाली, "ताई, पट्टीच्या आधी दोन वर्षं मी दुकानातून पाळणा लांबवायच्या गोळ्या घेऊन खायचे. मैत्रिणी घ्यायच्या म्हणून मी पण. लवकर फरक पडावा म्हणून कधी दोन, कधी तीन. एकदा पोटरी सुजली तेव्हा घाबरले." त्याआधी तिनं एका डॉक्टरांना विचारायचा प्रयत्न केला होता. ते हसले होते. ती परत तिथं गेली नाही. पुढे मुंबईत एका मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली. नशिबानं गुठळी निघाली नाही. तिथल्या डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद केल्या आणि ही पट्टी दिली.

तेव्हा आम्ही ठरवलं की हे समजून घ्यायचं. विचारत गेलो, वाचत गेलो, आणि इतिहास कुठल्या कुठे निघाला.

बाईच्या शरीरात जो मुख्य रस तयार होतो, ज्यानं छाती वाढते, पाळी येते, त्वचा मऊ राहते, त्याला इस्ट्रोजेन म्हणतात. हार्मोन म्हणा, संप्रेरक म्हणा. १९२९ मध्ये अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत ब्यूटेनांट या शास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून दूर राहून, यातलं एक संप्रेरक शुद्ध रूपात वेगळं काढलं. डॉइझींनी ते गरोदर बायांच्या लघवीतून काढलं. पुढे १९४० च्या दशकात गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या तिकडे बाजारात आल्या. पण अशा मार्गानं हार्मोन थोडं मिळायचं आणि महाग पडायचं.

आता आपल्या ओळखीची गोष्ट. कार्तिकात आपण करांदे उकडून खातो. कणगर खातो, कोनफळाची भाजी करतो. याच कुळातले रानकंद मेक्सिको देशात होतात. रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला कळलं की या कंदातल्या एका द्रव्यापासून कारखान्यात संप्रेरक तयार करता येतं. १९४४ मध्ये त्यानं मेक्सिकोत सिंटेक्स नावाची कंपनी भागीदारीत काढली. तिथले शेतकरी जंगलातून कंद खणून आणायचे आणि त्यापासून पुढे निरनिराळी संप्रेरकं तयार व्हायला लागली. औषध स्वस्त झालं. एक सांगून ठेवतो, नाहीतर कुणी उद्या करांद्यांची पाटी उतरवून घ्याल. करांदे खाऊन हार्मोन वाढत नाही. कंदातल्या द्रव्याचं हार्मोन कारखान्यात होतं, आपल्या पोटात होत नाही.

त्याच सिंटेक्स कंपनीत १९५१ पासून आलेहांद्रो झाफारोनी नावाचा उरुग्वे देशातला माणूस काम करत होता. त्याच्या डोक्यात एक प्रश्न होता. गोळी गिळली की औषध एकदम रक्तात उसळतं आणि मग उतरतं. शरीर तर असं करत नाही. शरीर थेंब थेंब सोडतं. मग औषधही तसंच का देऊ नये? आपण शेतात पाट सोडण्याऐवजी ठिबक लावतो, तसंच हे. १९६८ मध्ये त्यानं स्वतःची कंपनी काढली. १९७९ मध्ये कातडीतून औषध देणाऱ्या पहिल्या पट्टीला अमेरिकेत मान्यता मिळाली. ती होती प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावायची. पुढे छातीत दुखणाऱ्यांसाठी पट्टी आली. आणि १९८६ मध्ये इस्ट्रोजेनच्या पट्टीला तिथं मान्यता मिळाली.

ही पट्टी कुणासाठी निघाली होती, ठाऊक आहे? आपल्यासाठी. पाळी जाताना अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं गोधडी भिजते, झोप लागत नाही, त्या बायांसाठी. म्हणून ज्यांना वाटतं की हा विषय आपला नाही, त्यांनी थोडं थांबावं. आपल्या गटातल्या किती जणींना पाळी जाण्याच्या त्रासाबद्दल कुठल्या डॉक्टरनं बसवून समजावलंय? बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. सरकारी समितीनं ८२ हजारांहून जास्त बायांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. ज्यांचे बीजकोशही काढले जातात, त्यांचं इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं. पुढे हाडं ठिसूळ होतात. याला उपाय काय, हे विचारायचं असतं हेच अनेकींना माहीत नसतं. म्हणजे काकूंची लेक आणि आपण, एकाच न बोलण्याच्या भिंतीआड आहोत.

आता त्या लेकीच्या वाटेचा इतिहास. १९५२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी आली. क्रिस्टीन जॉर्गेन्सन ही पूर्वी सैन्यात पुरुष म्हणून नोकरी केलेली व्यक्ती डेन्मार्कमध्ये हार्मोन आणि शस्त्रक्रिया घेऊन बाई म्हणून उभी राहिली होती. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर ख्रिश्चन हॅम्बर्गर यांना जगभरातून पत्रं आली. ४६५ माणसांनी त्यांना लिहिलं होतं की आमचंही असंच आहे, आम्हाला मदत करा. त्या पत्रांवर त्यांनी १९५३ मध्ये शोधनिबंध लिहिला. आम्हाला बातमीपेक्षा ही पत्रं मोठी वाटली. इतकी माणसं एकेकटी बसून वाट बघत होती की कुणीतरी विचारायला जागा द्यावी.

सुरुवातीच्या काळात इस्ट्रोजेन मुख्यतः गोळीतून आणि इंजेक्शनमधून दिलं जायचं. गोळीत असायचं ते कृत्रिम, फार तीव्र इस्ट्रोजेन, जे पाळणा लांबवायच्या बऱ्याच गोळ्यांत असतं. गिळलेली गोळी पोटातून आधी यकृतात जाते, आणि यकृत मग रक्त गोठवणारी द्रव्यं जास्त बनवतं. पायात गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. नेदरलँड्समधल्या आम्स्टरडॅमच्या दवाखान्यात ट्रान्स बायांमध्ये अशा गुठळ्या जास्त दिसल्या, तेव्हा १९८९ पासून तिथं चाळिशीपुढच्या बायांना गोळीऐवजी पट्टी द्यायला सुरुवात झाली. पुढे २००३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी पाळी गेलेल्या बायांचा अभ्यास छापला. गोळीनं गुठळीचा धोका वाढलेला दिसला, पट्टीनं वाढलेला दिसला नाही. कारण पट्टीचं औषध कातडीतून सरळ रक्तात जातं, यकृतावर एकदम आदळत नाही. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इथं सापडलं. जीवाला जास्त धोका त्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांचा होता. पट्टी ही त्यातून बाहेर पडायची वाट होती.

मग ती मुलगी दोन वर्षं गोळ्या का खात राहिली? कारण कुणी सांगितलं नाही. आणि ती विचारायला गेली तेव्हा हसले.

इथं आम्हाला आपल्या शेजारच्या महाडचा इतिहास आठवला. चवदार तळं १९२७ च्या मार्चमध्ये खुलं झालं असं आपण म्हणतो. पण कागदावर ते आधीच खुलं होतं. मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. तरी तीन वर्षं दलितांना तिथं पाणी पिता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यापर्यंत चालत गेले, ओंजळीनं पाणी प्यायले, तेव्हा कुठं ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही मारहाण झाली, खटला चालला, हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

त्याच १९२७ सालच्या जुलैत मुंबईत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, मूळचे कोकणातल्या मुरुडचे. संततिनियमन, गुप्तरोग, शरीराचे प्रश्न यावर ते उघड मराठीत लिहायचे. वाचक पत्रातून प्रश्न विचारायचे आणि कर्वे शास्त्राच्या आधारे उत्तर द्यायचे. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. लोकांच्या मनात जे प्रश्न आहेत त्यांना ज्ञानाच्या आधारे उत्तर देणं म्हणजे अश्लीलपणा नव्हे, अशी त्यांची बाजू होती. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण मासिक १९५३ मध्ये कर्वे गेले तोपर्यंत चाललं. तळ्याचं पाणी आणि शरीराची माहिती, दोन्हींसाठी तोच माणूस उभा राहिला होता.

आता आपल्या काळात या. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की आपण पुरुष, बाई की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती. २०१९ मध्ये कायदा झाला. त्यात लिहिलंय की सरकारनं शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार आणि समुपदेशनाची सोय करावी, विम्यातून खर्च भागवावा. २०२२ मध्ये आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी केंद्रात करार झाला. २०२३ मध्ये मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा वेगळा कक्ष उघडला.

कागद चांगला आहे. पण तळ्यासारखंच आहे. बीडच्या ललित साळवे यांचं उदाहरण घ्या. मुलगी म्हणून पोलिसात भरती झालेले. उपचारासाठी रजा मागितली ती नाकारली गेली, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, तेव्हा २०१८ मध्ये परवानगी मिळाली आणि मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. आणि जे उघडतं ते बंदही पडतं. हैदराबाद, कल्याण आणि पुणे इथं ट्रान्स लोकांसाठी मित्र क्लिनिकं होती. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली आणि ती बंद करावी लागली. दार बंद झालं की माणसं पुन्हा दुकानातल्या गोळ्यांकडे वळतात. म्हणून दार बंद पडलं तरी माहिती आपल्याकडे राहिली पाहिजे. तीच आता सांगतो. औषध किती, ते डॉक्टर ठरवतील. पण दिलेल्या पट्टीचा पुरेपूर उपयोग कसा करायचा, ते घरात सगळ्यांना ठाऊक असावं. पाळी जाताना डॉक्टरांनी पट्टी दिली असेल त्या बायांनाही हेच लागू आहे.

पट्टी बेंबीखाली ओटीपोटावर किंवा कुल्ल्याच्या वरच्या भागावर लावायची. छातीवर कधीही नाही. छाती वाढावी म्हणून काहीजणी तिथं लावतात, ते चूक आहे. नाडी किंवा पट्टा बसतो त्या रेषेवर नको, वाकून लावणी करताना घासून निघते. जागा स्वच्छ, कोरडी हवी. आंघोळीनंतर खोबरेल तेल, क्रीम, पावडर त्या जागी लावायची नाही, नाहीतर चिकटत नाही. पुसून पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, मग पट्टी ठेवून तळहातानं दहा-पंधरा सेकंद दाबून धरायची, कडा बोटानं फिरवून बसवायच्या. दर वेळी जागा बदलायची, त्याच जागेवर निदान आठवडाभर परत नको. तसं केलं की लाली आणि खाज कमी होते.

काही पट्ट्या आठवड्यातून दोनदा बदलायच्या असतात, काही एकदाच. डब्यावर लिहिलेलं असतं, नाहीतर विचारायचं. दोनदाची असेल तर सोमवार आणि गुरुवार असे वार ठरवून कालनिर्णयवर खूण करायची. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत आणि वैशाखाच्या घामात पट्टी सुटते. कड सुटली तर दाबायची, वरून औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी लावायची. पूर्ण पडली तर नवी लावायची, पण पुढची बदलायची ठरलेल्या वारीच. शेकायची गरम पिशवी तिच्यावर ठेवायची नाही. उष्णतेनं औषध एकदम जास्त शिरतं. स्वतःच्या मनानं कापायची नाही, कारण काही पट्ट्या कापल्या की औषध गळून जातं. काढलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून लांब टाकायची, लहान मूल किंवा कुत्र्या-मांजराच्या तोंडी लागू नये. तिच्यात औषध उरलेलं असतं.

आणि घाई नको. दोन पट्ट्या जादा लावल्यानं बदल लवकर होत नाही, फक्त धोका वाढतो. त्वचा मऊ होणं, छाती भरू लागणं याला तीन ते सहा महिने लागतात, पूर्ण बदलाला दोन-तीन वर्षं. आवाज याने बारीक होत नाही, दाढी पूर्ण जात नाही. त्यासाठी वेगळे उपाय आहेत. ट्रान्स बाईला बहुतेक वेळा पुरुषी हार्मोन दाबायचं औषधही सोबत द्यावं लागतं. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासून डॉक्टर मात्रा ठरवतात. पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, म्हणून सुरू करण्याआधीच ते बोलून घ्यावं. तंबाखू-विडी असेल तर सोडावी, गुठळीचा धोका त्यानं वाढतो. एका पायाची पोटरी सुजली, दुखली, अचानक दम लागला, छातीत कळ आली तर थांबायचं नाही, तसंच दवाखाना गाठायचा आणि हार्मोन चालू आहे हे लपवायचं नाही. ज्या बायांची पिशवी जागेवर आहे, त्यांनी पाळी जाताना नुसतं इस्ट्रोजेन घ्यायचं नसतं, सोबत दुसरं औषध लागतं. तेही डॉक्टरांना विचारायचं.

तालुक्याच्या दुकानात ही पट्टी सहसा ठेवलेली नसते, मागवून घ्यावी लागते. म्हणून शेवटची पट्टी उरेपर्यंत वाट बघू नये. मिळालीच नाही तर डॉक्टर कातडीवर चोळायचं जेल किंवा दुसरी योग्य गोळी देऊ शकतात. मात्र पाळणा लांबवायच्या गोळ्यांकडे परत जायचं नाही. आणि योजनेसाठी लागणारं ओळखपत्र ऑनलाइन अर्ज करून जिल्हाधिकाऱ्यांकडून, म्हणजे आपल्याला अलिबागहून मिळतं. अर्ज भरायला आपल्या गटातल्या मुली मदत करू शकतात. आपण रेशनचे, घरकुलाचे अर्ज भरतोच की.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं काकूंना सांगितलं. त्या गप्प ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे सोमवार-गुरुवार का?" आम्ही हो म्हटलं. आता दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी त्या मुंबईला फोन लावतात. आधी जेवलीस का विचारतात, मग पट्टी बदललीस का विचारतात. बोलताना अजून कधी 'आला' म्हणतात, कधी 'आली'. लेक म्हणते, "ताई, आई चुकली तरी मला चालतं. ती विचारते ना."

मैत्रिणींनो, तुमच्या गटात, वाडीत असं लेकरू असेल. ते तुम्हाला सांगेल तेव्हा हसू नका आणि घाबरूनही जाऊ नका. माहीत नसेल तर म्हणा, मला माहीत नाही, पण आपण दोघी मिळून विचारू. दवाखान्यापर्यंत सोबत जा. आपल्या महाडच्या तळ्यापर्यंत माणसं सोबतीनंच चालत गेली होती.